ग्रुपवर टाक ना पासवर्ड!

रात्री पावणेबाराला फोन वाजला की माझ्या डोक्यात दोनच शक्यता येतात. एक, गावाकडे कुणाचं तरी काहीतरी झालंय. दोन, एडिटरला माझं हेडिंग आवडलेलं नाही. गेल्या महिन्यात तिसरीच निघाली.

फोनवर माझा मामेभाऊ होता. वय चोवीस, मूळ गाव नंदुरबार, मुक्काम पुणे, काम सॉफ्टवेअरचं. घरात त्याला सगळे भाऊ म्हणतात, मीही. एरवी फोन केला की आधी "काय गं ताई, जेवलीस का?" विचारणारा हा मुलगा त्या रात्री थेट म्हणाला, "ताई, तू पत्रकार आहेस ना? मग मला एक सांग. एखादी गोष्ट आपण केलेली नाही, हे सिद्ध कसं करतात?"

झोप खाडकन उडाली.

प्रकरण असं. भाऊ ज्या कंपनीत आहे (नाव लिहीत नाही, वर्णन वाचून तुम्हाला तुमचीच वाटेल), तिथे नऊ जणांची टीम. क्लायंटचा डेटा ज्या सर्व्हरवर असतो, त्याचं अकाउंट भाऊने उघडलं होतं. का? तर तो टीममध्ये नवीन होता. नव्या माणसाला अशी कामं देतात, लग्नात धाकट्या पोरांना पाण्याचे जग भरायला लावतात तशी. अकाउंट उघडलं गेलं त्याच्या ईमेलवर, त्याच्या नावाने. दुसऱ्याच दिवशी टीम लीड म्हणाला, "अरे, ग्रुपवर टाक ना पासवर्ड. सगळ्यांनाच लागेल." याने टाकला. पुढचे चौदा महिने तो पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये आरामात पडून होता. मधल्या काळात दोघं जण नोकरी सोडून गेले. त्यांना फेअरवेल झालं, कॉफी मग दिले, ग्रुपमधून काढलं. पासवर्ड तोच राहिला.

आणि मग एका शनिवारी त्या अकाउंटवरून कुणीतरी क्लायंटच्या ग्राहकांची अख्खी यादी उतरवून घेतली. नावं, पत्ते, मोबाइल नंबर, सगळं. क्लायंट खवळला. कंपनीने लॉग काढला. लॉगमध्ये एकच नाव होतं. भाऊचं.

"पण नऊ जण वापरतात ना ते अकाउंट?" मी म्हटलं.

"एचआर म्हणतात, सिस्टिममध्ये तुमचं नाव दिसतंय. बाकी आम्हाला काही माहीत नाही."

"आयपी ॲड्रेस वगैरे काही असतं ना?" (मास कॉमला सायबर क्राइमचं एक लेक्चर झालं होतं. तेवढ्यावर मी दहा वर्षं काढते आहे.)

"सगळे ऑफिसच्या व्हीपीएनमधूनच येतात गं. आयपी सगळ्यांचा एकच."

वर आणखी एक घोळ. तो शनिवार म्हणजे भाऊच्या सख्ख्या बहिणीच्या हळदीचा दिवस. भाऊ नंदुरबारला होता. पण लॉगमध्ये वेळ होती १७:२०, आणि संध्याकाळी पाच वीसला साहेब खरोखरच मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीवर लॅपटॉप ठेवून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑफिसचं "दोन मिनिटांचं काम" करत होते. म्हणजे त्या वेळी लॉगिन होतो हे तो स्वतःच कबूल करून बसला होता.

मी पत्रकार असल्याचा त्या रात्री एकच उपयोग झाला. बातमीत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, वेळ लिहिली की कुठल्या ठिकाणची ते लिहा. मी विचारलं, "ही पाच वीस कुठली? इथली की अमेरिकेतली?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग कीबोर्डचा आवाज. मग भाऊ जवळजवळ ओरडलाच, "ताई! यूटीसी!"

तर मंडळी, बरेचसे सर्व्हर आपली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. लॉगमधले १७:२० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दहा पन्नास. आणि त्याच लॉगमध्ये वर, ११:५० ला, भाऊचं खरं लॉगिनही होतं. तेच ते टाकीवरचं. इतकी साधी गोष्ट, पण "तुमचं नाव दिसतंय" म्हटल्यावर घाबरलेल्या मुलाला ती सुचली नाही, आणि एचआरला सुचायची गरजच पडली नाही.

रात्री दहा पन्नासला भाऊ कुठे होता? डीजेपुढे नाचत होता. दहानंतर डीजे वाजवायचा नसतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या डीजेचे आमच्या कुटुंबावर उपकार आहेत.

व्हिडिओवाल्याने अजून एडिटिंगला हात लावला नव्हता. आम्ही दोघं शुक्रवारच्या स्लीपर बसने नंदुरबारला गेलो आणि रॉ फुटेज कॉपी करून आणलं. त्यात माझा हा भाऊ, डोक्याला रुमाल बांधून, दोन्ही हात वर, सलग अकरा मिनिटं. फाइलवर तारीख आणि वेळ. एखाद्याच्या इज्जतीचा पुरावा इतका बेइज्जत करणारा असू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

परतीची बस रात्रीची होती. मधे अख्खा दिवस मोकळा. मामीच्या हातची वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी झाल्यावर मी भाऊला म्हटलं, "गाडी काढ. टेंभलीला जाऊ."

टेंभली माहीत आहे ना? नसेल तर खिशात हात घाला. पाकिटात जे आधार कार्ड आहे, त्या सगळ्या भानगडीची सुरुवात नंदुरबार जिल्ह्यातल्या या छोट्या गावात झाली. २९ सप्टेंबर २०१० ला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले होते आणि देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना देण्यात आला. आज असे १३० कोटींहून जास्त क्रमांक देऊन झालेत. (आणि पुणेकरांनो, कॉलर टाइट करा. आधारचा तो सूर्य आणि बोटाच्या ठशाचा लोगो अतुल सुधाकर पांडे या पुण्याच्या माणसाने केलेला आहे.) मुंबई-पुण्यात आपण ओटीपी, बायोमेट्रिक, ऑथेंटिकेशन हे शब्द च्युइंगमसारखे चघळतो. पण "तू कोण आणि कशावरून?" हा प्रश्न या देशाने मशीनकडून एवढ्या मोठ्या प्रमाणावर विचारायला सुरुवात केली ती आमच्या खानदेशात.

प्रकाशाला तापीच्या काठी चहाला थांबलो, आणि खरं सांगायचं तर पुढे गेलोच नाही. भाऊ बोलायला लागला. गेले आठ दिवस तो धड कुणाशी बोललाच नव्हता.

"ताई, व्हिडिओ दाखवला की मी सुटेन. पण मग कोणी केलं?"

हा खरा प्रश्न. भाऊ सुटला की उरले आठ, अधिक सोडून गेलेले दोन, अधिक त्या ग्रुपचं डिस्क्रिप्शन ज्यांच्या ज्यांच्या नजरेला पडलं ते सगळे. यातल्या एकालाही पकडता येणार नाही. आणि जास्त वाईट म्हणजे, यातल्या एकालाही निर्दोष म्हणता येणार नाही. प्रत्येकाकडे काही बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ नसतो.

आपण पासवर्डकडे कुलूप म्हणून बघतो. चोर बाहेर राहावा म्हणून. ते आहेच. पण त्याचं दुसरं काम कुणी सांगतच नाही. तुमच्या नावावर जे लिहिलं जातंय ते तुम्हीच लिहिलंय, याची खात्री. पासवर्ड शेअर केलात की कुलपाची डुप्लिकेट किल्ली तर दिलीतच, वर कोऱ्या कागदावर सहीही करून दिलीत.

आमचे आबा, म्हणजे भाऊचे आजोबा आणि माझ्या आईचे वडील, शाळेत गेले नव्हते. अंगठा द्यायचे. एकदा कोऱ्या कागदावर दिला, आणि त्या कागदावर नंतर काय लिहिलं गेलं ते निस्तरता निस्तरता दोन एकर गेलं. "अंगठा मना शे, पन लिखेल मनं नही," हे वाक्य मी लहानपणी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ती म्हणच वाटायची. आमच्या भागाला हे नवीन नाही. १९७० च्या दशकात शहाद्यात आदिवासींनी हातातून गेलेल्या जमिनींसाठी मोठं आंदोलन उभारलं होतं. अंगठा खरा आणि मजकूर खोटा, हा प्रकार काय करू शकतो हे इथल्या म्हाताऱ्यांना कुठल्याही सिक्युरिटी कन्सल्टंटपेक्षा जास्त कळतं. आणि त्यांचा नातू, इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन मिळवलेला, व्हॉट्सॲपवर अंगठा देऊन बसला होता!

भाऊला हे म्हटलं तर तो आधी रागावला, मग हसला, आणि मग आम्ही टपरीच्या बाकावर बसून दोन तास त्याच्या टीमचं ऑपरेशन केलं. तांत्रिक भाग त्याचा, शंका माझ्या.

सुरुवात आधारपासूनच केली, कारण विषय समोर होता. आधार क्रमांक म्हणजे पासवर्ड नाही. ते फक्त नाव आहे, बारा आकडी. "मी अमुक" एवढंच तो सांगतो. "कशावरून?" याचं उत्तर बोट, डोळा, चेहरा किंवा ओटीपी देतो. आणि साध्या पडताळणीत पलीकडचा सर्व्हर फक्त हो किंवा नाही म्हणतो, तुमची कुंडली वाचून दाखवत नाही. याच्यापुढे तिसरा प्रश्न असतो, "बरं, तूच आहेस, पण तुला इथे काय काय करायची परवानगी आहे?" भाऊच्या टीममध्ये हे तिन्ही प्रश्न एका पासवर्डात कोंबले होते. ज्याच्याकडे तो, तो भाऊ, आणि भाऊला सगळं अलाऊड.

आता तुम्ही म्हणाल, छोट्या कंपन्यांचं चालायचंच. मोठ्यांचं ऐका. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या रिपोर्टरने व्हॉट्सॲपवरच्या एका एजंटला ५०० रुपये दिले आणि दहाएक मिनिटांत तिला एक लॉगिन आणि पासवर्ड मिळाला. त्यातून कुणाचाही आधार क्रमांक टाकला की नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर समोर. यूआयडीएआयने सांगितलं की बायोमेट्रिक डेटा सुरक्षित आहे, तक्रार निवारणासाठी दिलेल्या शोध सुविधेचा हा गैरवापर आहे. असेलही. म्हणजे तिजोरी कुणी फोडली नव्हती. कामासाठी दिलेला प्रवेश बाजारात आला होता. एफआयआरमध्ये रिपोर्टरचंही नाव आलं, तो वेगळा विषय, त्यावर मी वेगळा कॉलम लिहीन आणि लांब लिहीन.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर भाऊला माझ्यापेक्षा जास्त आवडली. २०१७ मध्ये यूआयडीएआयच्या लक्षात आलं की एकाच व्यक्तीच्या नावावर काही महिन्यांत ३९७ बायोमेट्रिक व्यवहार झालेत. संशय असा की बोट दर वेळी मशीनवर ठेवलंच जात नाहीये. एकदा घेतलेला ठसा साठवून तोच पुन्हा पुन्हा पाठवला जातोय. बोट खरं, ठसा खरा, माणूस जागेवर नाही! (आबा, ऐकताय ना?) त्यानंतर साधी ठसा मशीन चालेनाशी झाली. मशीनच्या आत स्वतःची गुप्त किल्ली असलेली, प्रत्येक ठशावर तिथल्या तिथे डिजिटल सही करणारी नोंदणीकृत उपकरणंच वापरायची, असा नियम आला.

भाऊच्या मते सगळ्या डेव्हलपर टीमना शिकायचं ते इथेच आहे. जी गोष्ट कॉपी होते, ती ओळख पटवायला कच्ची. पासवर्ड कॉपी होतो. एसएमएसवर आलेला ओटीपीही फोनवर गोड बोलून काढून घेता येतो, सिम बदलून पळवता येतो. त्यापेक्षा बरं ऑथेंटिकेटर ॲप. त्यात तुमचा फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुपित असतं, ते घड्याळाच्या वेळेत मिसळून दर तीस सेकंदांनी नवे सहा आकडे निघतात. यासाठी नेटवर्कही लागत नाही, सातपुड्यात धडगावकडच्या डोंगरात रेंज नसली तरी आकडे येतात. पण तेही सहा आकडे तुम्ही एखाद्या नकली साइटवर टाइप केलेत तर गेले. सगळ्यात पक्की म्हणजे पासकी किंवा ती छोटी हार्डवेअर की. त्यातली गुप्त किल्ली साइटला कधी सांगितलीच जात नाही, आणि ती साइटचं नाव तपासूनच उत्तर देते. एका अक्षराने वेगळी नकली साइट असेल तर तुम्ही फसाल, ती फसत नाही. तिला ग्रुपवर टाकताही येत नाही, हा बोनस.

गिटहबने तर २०२२ मध्ये जाहीरच करून टाकलं की कोड टाकणाऱ्या प्रत्येकाला २०२३ च्या अखेरपर्यंत टू फॅक्टर लावावंच लागेल. भाऊच्या टीममध्येही ते लावलेलं होतं. गंमत बघा. कोडला टू फॅक्टर, आणि ज्या सर्व्हरवर लोकांची नावं-पत्ते, त्याला व्हॉट्सॲप ग्रुप.

गिटहबवरून आठवलं. मला एक गोष्ट माहीत नव्हती आणि ऐकून मी चहा सांडला. गिटमध्ये प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव दिसतं, बरोबर? आमच्या बायलाइनसारखं. ते नाव म्हणजे निव्वळ टाइप केलेला मजकूर असतो. भाऊने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून माझ्या नावाने एक बदल करून दाखवला. मी, जिला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, सरळ प्रोग्रामर झाले. म्हणून शहाण्या टीम आपल्या बदलांवर डिजिटल सही करायला लावतात. नाव कुणीही लिहितो, सही ज्याच्याकडे किल्ली त्याचीच.

(माझाही पाय चिखलात आहे, म्हणून सांगून टाकते. मी ज्या एका पोर्टलला फ्रीलान्स लिहायचे, तिथे आम्ही सहा जण "ॲडमिन" नावाच्या एकाच लॉगिनमधून लेख चढवायचो. एकदा माझ्या लेखात कुणीतरी एका कलाकाराबद्दल असं एक वाक्य घातलं की मला तीन आठवडे माफीचे फोन करावे लागले. कुणी घातलं? ॲडमिनने.)

मग प्रश्न उरतो, माहीत असून लोक हे करतात का? आळस म्हणून सोडून देऊ नका. भाऊने खरं कारण सांगितलं. पैसे. बरीच टूल्स माणशी पैसे घेतात. नऊ जणांची नऊ खाती म्हणजे नऊपट बिल. एक खातं घेतलं आणि सगळ्यांनी वापरलं की महिन्याला काही हजार वाचतात आणि मॅनेजर खूश. दुसरं कारण डेडलाइन. नव्या माणसाला प्रवेश मिळवून द्यायला तिकीट टाका, मंजुरी घ्या, दोन दिवस थांबा. पासवर्ड फॉरवर्ड करायला दोन सेकंद. सरळ रस्ता अवघड केला की लोक शेतातून पायवाट पाडणारच. त्यामुळे मी पासवर्ड टाकणाऱ्या पोराला नाही, "टाक ना" म्हणणाऱ्याला दोष देते. चोवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी लीडला "नाही सर, तुम्ही तुमचं वेगळं खातं काढा" म्हणेल, अशी अपेक्षा करणं जरा फिल्मी आहे.

पण वाचणाऱ्यांत लीडही असतील. तर सर, मॅडम, ऐका. माणशी एक खातं, तेही कंपनीच्या एकाच मुख्य लॉगिनला जोडलेलं. माणूस गेला की एक बटण दाबून सगळीकडचं बंद, फेअरवेलच्या केकच्या आधी. आणि प्रत्येकाला लागेल तेवढीच परवानगी. ज्याला फक्त रिपोर्ट बघायचाय त्याला अख्खी यादी उतरवता येता कामा नये. लॉगही अशा ठिकाणी ठेवा, जिथे ज्याची नोंद आहे त्यालाच ती पुसता येणार नाही. प्रोग्रामला प्रोग्रामशी बोलायला ज्या किल्ल्या लागतात, त्या कोडमध्ये लिहून ठेवू नका, त्यांच्यासाठी वेगळी तिजोरी असते, आणि जमेल तिथे थोड्या वेळात आपोआप बाद होणाऱ्या किल्ल्या घ्या. उबरचं २०१६ मध्ये असंच झालं होतं. इंजिनिअर गिटहबवर जो कोड ठेवायचे त्यात क्लाउडची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने ते वर्षभर दाबून ठेवलं, ते वेगळंच. आणि जर तुम्ही स्वतःच लोकांसाठी लॉगिन स्क्रीन बनवत असाल, तर त्यांचे पासवर्ड जसेच्या तसे साठवू नका. हॅश करा, आणि मीठ घालून करा. हे मी म्हणत नाही, त्याला खरंच सॉल्ट म्हणतात. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड बाहेर आले ते अळणी होते, म्हणून भराभर फुटले.

एक चांगली बातमीही आहे. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणारी जी ईमेल येते ना, तिची खरंतर गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ पासूनच सांगितलंय की उगाच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची शंका आली तर बदला. कारण माणसं काय करतात? शेवटचा एक काढून दोन लावतात. त्यापेक्षा लांबलचक पासवर्ड ठेवा, आधी कुठे फुटलेला नाही ना ते तपासा, आणि लक्षात ठेवायचं काम पासवर्ड मॅनेजरवर सोपवा. हा परिच्छेद कापून तुमच्या आयटी डिपार्टमेंटच्या दारावर लावायला माझी हरकत नाही.

आणि नुसतं टू फॅक्टर लावलं की झालं, असंही नाही. २०२२ मध्ये उबरच्याच एका कंत्राटी माणसाच्या फोनवर "लॉगिन मंजूर करा" अशा विनंत्यांचा मारा झाला आणि शेवटी त्याने एकदा हो दाबलं. वैतागून माणूस काहीही दाबतो. आपण नाही का, कुकीज बघतही नाही आणि ॲक्सेप्ट करतो? म्हणून आता कित्येक ठिकाणी नुसतं हो चालत नाही. समोरच्या स्क्रीनवरचा आकडा बघून फोनवर टाकावा लागतो.

निघता निघता टपरीवाल्या काकांनी मधेच विचारलं, "ते अंगठ्याचं म्हणता का? आमच्या म्हातारीचा येतच नाही मशीनवर." अनेकदा असं होतं. जन्मभर शेतात राबलेल्या, मिरची खुडलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीन "नाही" म्हणतं, आणि रेशन अडतं. म्हणूनच डोळा, चेहरा, ओटीपी असे दुसरे मार्ग ठेवावे लागतात. भाऊने लगेच वहीत लिहून घेतलं. फोन पाण्यात पडला तर काय? की हरवली तर काय? दुसरी की घरी, रिकव्हरी कोड छापून कपाटात. दुसरा मार्ग नसला की अडलेली माणसं पुन्हा ग्रुपवरच येतात.

सोमवारी व्हिडिओ एचआरला दाखवला. कॉन्फरन्स रूमच्या मोठ्या स्क्रीनवर. भाऊच्या म्हणण्याप्रमाणे पहिली दोन मिनिटं सगळे गंभीर होते. बुधवारी दोन ओळींचं ईमेल आलं की तुमच्यापुरता विषय बंद करण्यात येत आहे. सॉरी हा शब्द त्यात नव्हता, मी दोनदा शोधला. यादी कुणी उतरवली ते आजतागायत कळलेलं नाही, आणि त्या यादीतल्या लोकांच्या हातात तर काहीच नाही. त्यांनी कुठल्याच ग्रुपवर काही टाकलं नव्हतं. भाऊच्या टीममध्ये आता नऊ खाती आहेत. क्लायंटने अटच घातली, त्यामुळे बजेट लगेच सापडलं. टीम लीड तेच आहेत. त्या सर्व्हरवरचं जुनं अकाउंट भाऊने स्वतःच्या हाताने बंद केलं आणि त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला, लोक बाळाचे पाठवतात तसा.

दोन हार्डवेअर की त्याने स्वतःच्या पैशाने घेतल्या. एक किल्ल्यांच्या जुडग्यात, दुसरी नंदुरबारला. मामीने ती "पेनड्राइव्ह" म्हणून कपाटात आबांच्या सातबाऱ्यांच्या पिशवीत ठेवली आहे.

परवा रविवारी त्याचा मेसेज आला. "ताई, मॅच बघायचीय. तुझ्या त्या ॲपचा पासवर्ड जुनाच आहे ना?"